हात बसला का?

डिझाइनच्या विषयात मुलं किती शिकली हे मोजायला कॉलेजने मला तक्ता दिलाय: कल्पना, आराखडा, मॉडेल, सादरीकरण. रकाने भरताना वैताग येतो, कारण माझे बाबा एका वाक्यात निकाल लावायचे. धामणकर नाक्याजवळच्या कापड कारखान्यात ते लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करायचे. नव्या कारागिराने दुरुस्त केलेल्या चालत्या लूमवर तळवा ठेवून थरथर बघायचे आणि म्हणायचे, "हात बसला." नाहीतर, "न्हाय बसला."

इंजिनिअरिंगला असताना सुट्टीत मीही एक लूम दुरुस्त केला. बाबांनी तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला. "अजून न्हाय. दिवाळीत ये, परत बघू."

दिवाळीत प्रोजेक्टचं कारण सांगून मी घरी गेलेच नाही. पुढच्या दिवाळीला बाबा नव्हते.

त्या प्रोजेक्टला मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले.