पाहुणे नजरेआड होईपर्यंत

माझ्या जपानी साहेबांना मी आणि माझ्या वडिलांनी मिळून भरदुपारी, घरातल्या चपलांवर, रेल्वेतून पळवून नेलं. हेतू वाईट नव्हता.

मी जालना जिल्ह्यातल्या हसनाबादचा. नोकरीसाठी जपानात चार वर्षं झाली होती. बाबा (झेडपी शाळेचे निवृत्त हेडमास्तर) पंधरा दिवसांसाठी आले होते. त्यांना बुद्धाला मानणारा मुलूख एकदा डोळ्यांनी बघायचा होता, आणि मला त्यांना जपानी रीतभात शिकवायची होती. मी तोवर इतका जपानी झालो होतो, की फोनवरसुद्धा वाकून बोलायचो!

"बाबा, समोरचा वाकला की आपण त्याच्याहून जास्त वाकायचं. आणि त्याच्याआधी मान वर काढायची न्हाई. बिलकुल न्हाई!"

"बिलकुल," बाबा म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. (हेडमास्तर!)

परतीच्या दिवशी सातो साहेबांनी आम्हाला दुपारी जेवायला घरी बोलावलं. त्यानंतर विमानतळाची दोन सत्तेचाळीसची रेल्वे गाठायची होती, काही झालं तरी. दोन दिवसांनी भोकरदनला माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता. पोरीचा बापच नाही म्हटल्यावर पाव्हणे काय म्हणतील?

जेवण झकास झालं. दोनला उठलो. स्टेशन पायी सात मिनिटांवर. साहेब आणि त्यांच्या मिसेस फाटकात येऊन वाकले. बाबाही "जय भीम" म्हणत वाकले. सगळं बराबर झालं आणि आम्ही निघालो.

दहा पावलांवर बाबांनी मागं पाहिलं. "आरं, ते अजून उभेच हायेत!"

"पद्धत आहे बाबा. पाहुणा नजरेआड होईपर्यंत ते आत जात नाहीत."

"मंग वयाची माणसं उन्हात उभी, अन् मी पाठ दाखवून जाऊ? निर्लज्ज हाय का मी?"

आणि गेले की परत, त्यांना 'आत जा' सांगायला! पाहुणा परत आलेला बघून साहेब वाकले. बाबा त्यांच्याहून जास्त वाकले. पाहुण्याची मान एवढी खाली बघून साहेबांनी आपली आणखी खाली नेली. वर कुणीच येईना, कारण बाबांना वर यायची बंदी मीच घातली होती! शेवटी मीच बाबांना दंडाला धरून उभं केलं आणि पुढं काढलं.

त्यात ती गल्ली सरळसोट. ना वळण, ना आडोसा. माणूस नजरेआड होणार तरी कुठं? दर खांबापाशी बाबा मागं वळायचे, तिकडं ते दोघं वाकायचे, आणि बाबा पुन्हा माघारी. तिसऱ्या फेरीला कुत्रं फिरवायला निघालेली एक बाई थांबली आणि काहीएक संबंध नसताना तीही वाकली! सगळ्या गल्लीत ताठ उभं असं ते कुत्रंच तेवढं होतं.

दोन बत्तीस! मी घड्याळ बाबांपुढं धरलं. "बाबा, गाडी जाईल! साखरपुडा होईल तुमच्याबिगर!"

"मंग त्यांना म्हण, चला ठेसनापर्यंत. आपल्याकडं पाव्हण्याला एसटीत बसवल्याशिवाय कोण माघारी जातं?"

"अहो, इथं असं कुणी म्हणत नाही! साहेब आहेत ते माझे! नोकरी जाईल!"

"तू म्हण तर."

मी चाचरत म्हणालो. साहेबांचा चेहरा असा खुलला म्हणता! त्यांनी बाबांची बॅग हिसकावली, बाबांनी उलटी ओढली, आणि त्या ओढाताणीत आम्ही चौघं पळत फलाटावर पोचलो. दोन पंचेचाळीस.

साहेब बॅग ठेवायला डब्यात चढले. ठेवून उतरणार, तेवढ्यात बाबांनी त्यांना हाताला धरून सीटवर बसवलं. "बसा की दोन मिनटं! घंटी मारल्याबिगर थोडीच सुटती?"

(भोकरदनच्या स्टँडवर हे अगदी खरं आहे. तिथं कंडक्टर "सोडायला आलेले उतरा हो!" असं तीनदा ओरडतो.) इथं मात्र दारं गुपचूप लागली. पुढचं स्टेशन थेट विमानतळ! बाहेर साहेबांच्या मिसेस एकट्याच फलाटावर वाकलेल्या. आत साहेब घरातल्या चपलांवर, खिशात फोनसुद्धा नाही.

मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला. पण साहेब हसायला लागले. इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसले! मग सगळा रस्ता ते बाबांच्या फोनमधले हसनाबादचे फोटो बघत बसले. बाबांना विमान मिळालं, साखरपुडाही थाटात झाला. मला मात्र खरंच लाज वाटली. चार वर्षं त्यांच्यापुढं वाकून माझी कंबर गेली, पण साहेबांना असं हसवणं मला एकदाही जमलं नव्हतं.

यंदा साहेब जालना एमआयडीसीत मशीन बसवायला आले. मी दुभाष्या म्हणून बरोबर. बाबांनी दोघांनाही हसनाबादला जेवायला बोलावलं. निघताना बाबा साहेबांची बॅग ठेवायला गाडीत चढले. साहेबांनी त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं, आणि गाडी निघाली जालन्याला! मी रस्त्यात उभा राहून कंबरेतून वाकलो. पद्धत म्हणजे पद्धत! गाडी नजरेआड होईपर्यंत मान वर काढली नाही.

"काय हरवलं रे?" शेजारच्या काकूंनी ओट्यावरून विचारलं.

"गाडी, काकू," मी मान वर काढत म्हणालो. "मला बी तिच्यातच जायचं होतं!"