आपटबाई

माझ्या बायकोला आमच्या गल्लीत सगळे आपटबाई म्हणतात. नव्याने राहायला आलेल्यांना ते आडनावच वाटतं. तिला त्याचं काही नाही, हाक मारली की ती ओ देते. मला मात्र ते नाव झोंबतं, कारण त्यात माझी बेअब्रू आहे. ती कशी, ते सांगतो.

तिचं पॅकिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली, कमरेइतकं उंच टेबल, भिंतीला टेकवून ठेवलेले चपटे खोके, चिकटपट्टीची रिळं आणि रद्दीचा ढीग. लोक वस्तू आणतात, ती बांधून देते. घड्याळं, आरसे, शिलाई मशीनचं डोकं, एकदा तर एका दातांच्या डॉक्टरने कवळ्यांचे साचे आणले होते. खोकं बांधून झालं की ती ते दोन्ही हातांनी उचलते, कमरेइतक्या उंचीवर धरते आणि सरळ सोडून देते. धप्प! मग ते कानाशी नेऊन हलवते. आत जरा खडखडलं की म्हणते, "बोलतंय," आणि सगळं उघडून पुन्हा बांधायला घेते. नाही खडखडलं तर त्यावर बसते. चांगली ऐसपैस बसते, पदराने वारा घेते, पाणी पिते. एवढं होऊनही खोकं दबलं नाही तरच पावती फाडते. गिऱ्हाईक तोवर घाबरून दाराशी उभं असतं. घरीदारी स्वतःचा तोंडाचा पट्टा कधी थांबत नाही, पण खोकी हिला अळीमिळी गुपचिळी लागतात.

आता माझं ऐका. मी पार्सलच्या गाडीवर आहे. उचलायचं, गाडीत रचायचं, पोचवायचं. आजवर माझ्या हातून एकही पार्सल पडलेलं नाही. पावसात नाही, जिन्यावर नाही, कुत्रं मागे लागलं तेव्हाही नाही. परक्याची वस्तू मी तळहातावरच्या फोडासारखी जपतो, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

लग्नाआधी ती दुसऱ्याच्या दुकानात कामाला होती. मी पहिल्यांदा तिथे माल उचलायला गेलो, तर हिने माझ्या डोळ्यांदेखत खोकं जमिनीवर टाकलं.

"अहो बाई, काय करताय काय?" मी ओरडलो.

"तुम्ही वाटेत जे करणार आहात, ते मी आधीच करून बघतेय," ती म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी पार्सल फेकत नाही!"

"सगळे असंच म्हणतात."

दुसऱ्या दिवशी मी भांडण पुरं करायला पुन्हा गेलो. मग तिसऱ्या दिवशीही. भांडण काही मिटेना, म्हणून शेवटी आम्ही लग्न केलं. अजूनही मिटलेलं नाही. "बांधताना समजायचं की नेणारा राक्षस आहे," हे ती दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आणि तो राक्षस मागच्या खोलीत बसून निमूटपणे तिच्यासाठी भाजी निवडत असतो.

आम्हाला एकच मुलगी. तिने माझा राग आणि आईचा हट्ट एवढंच वेचून घेतलं, नाकावर माशी बसू देत नाही. ती मातीची भांडी करायला शिकली आणि घरामागच्या खोलीत चाक आणि विजेची छोटी भट्टी घेऊन बसली. तिचे कप पातळ, राखाडी निळे, कान असा की दोन बोटं अलगद बसावीत. ते हातात घेतले की चहा नसतानाही प्यावासा वाटतो. बाप म्हणून सांगत नाही. बरं, बाप म्हणूनच सांगतो.

एका प्रदर्शनात ते कप एका हॉटेलवाल्याच्या नजरेत भरले. दूरच्या शहरात तो नवं चहाचं हॉटेल काढत होता. आधी दोन डझन पाठवा, नीट पोचले तर सगळ्या हॉटेलची भांडी तुमच्याकडून घेतो, असं तो म्हणाला. मुलीने त्या रात्री जेवताना जाहीर केलं, "हे जमलं तर चाक चालू ठेवीन. नाही जमलं तर फरशीच्या दुकानात विक्रीला बसेन. ते बोलावतायत मला." तिचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ.

ते दोन डझन कप तिने स्वतःच बांधले. मी म्हटलं, "अगं, आईला विचार की."

"आईला विचारलं की आई सगळं आपल्याच हाती घेते. काम माझं आहे ना, मग मीच करते."

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. आमच्याकडे सोनार म्हणजे आईच, त्यामुळे पंचाईत. आई दारातच उभी होती. ती सगळं ऐकून परत फिरली. नंतर मला म्हणाली, "न मागता दिलेला सल्ला रद्दीच्या भावानं जातो." मुलीने खोक्यावर चारही बाजूंनी लाल अक्षरात लिहिलं, 'नाजूक वस्तू, सांभाळून'. अक्षर फार सुरेख आलं होतं.

निम्म्याहून जास्त कप फुटून पोचले. हॉटेलवाल्याने खोकं तसंच परत पाठवलं. माणूस भला होता. फोनवर म्हणाला, "अजून एकदा पाठवून बघा. पण माझं हॉटेल सुरू व्हायचा दिवस जवळ आलाय. या वेळीही फुटले तर कारखान्यातले घेईन, राग मानू नका."

गावभरच्या काचा जपणारी आई, आणि तिच्याच घरचे कप फुटले. दिव्याखाली अंधार तो हाच. परत आलेलं खोकं तिने टेबलावर घेतलं आणि त्याचा पंचनामा सुरू केला. मुलगी हाताची घडी घालून बाजूला उभी. मी मनातल्या मनात कानात बोळे घातले, कारण आता व्याख्यान होणार हे नक्की होतं. खोक्यात वर चार बोटं जागा रिकामी होती. कप आडवे ठेवलेले आणि एकाचा कान दुसऱ्याच्या पोटावर आपटलेला. बायकोने ते सगळं पाहिलं, एक तुकडा उचलला आणि एवढंच विचारलं, "हा कुठं फुटतो गं? पहिल्यांदा कुठं जातो?"

मुलगी जरा गोंधळली. तिलाही व्याख्यानाचीच अपेक्षा होती. "कानाच्या सांध्याला," ती म्हणाली. "कप थोडा सुकला की मग कान चिकटवतात ना, तो जोड कच्चा. आणि मग काठ."

"मग कानापासून सुरुवात करू. तू सांग, मी बांधते."

मुलीची हाताची घडी सुटली. मला इतकं बरं वाटलं की मी उठून तिघांसाठी चहा टाकला.

मुलीने नवे कप घडवले, भाजले. भट्टी थंड झाली आणि दोघी टेबलापाशी उभ्या राहिल्या. आधी प्रत्येक कानाच्या भोकात कागदाचा बोळा. मग कप वेगवेगळे गुंडाळले आणि पालथे उभे केले. दोन कपांमध्ये पुठ्ठ्याची भिंत. "कागदाची घडी नको घालूस, चुरगळ," आई सांगत होती. "मार बोळ्यानं खायचा असतो, कपानं नाही." वरची रिकामी जागा बोळ्यांनी भरली. मग ते खोकं मोठ्या खोक्यात ठेवलं आणि दोन्हींच्या मधे सगळीकडून पुन्हा बोळे. मुलीने लाल पेन काढलं तेव्हा आई म्हणाली, "लिही की, लिहिल्यानं काही बिघडत नाही. पण ते वाचतंय कोण?"

"आम्ही वाचतो!" मी दारातून म्हणालो. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

चिकटपट्टी लावून झाली. बायकोने खोकं दोन्ही हातांनी उचललं, कमरेइतक्या उंचीवर धरलं. आणि ती तशीच उभी राहिली. मग खोकं टेबलावर ठेवून तिने हात पदराला पुसले. पुन्हा उचललं. पुन्हा ठेवलं.

"अगं, सोड की," मी म्हटलं.

"सोडते." पण ती सोडेना. शेवटी म्हणाली, "माझ्यानं नाही होत. लोकांचं टाकायला काय जातंय? हे कसं टाकू?"

"मग नको टाकूस," मुलगी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "हे फुटले तर पुन्हा करायला वेळच नाही आई. तसंच पाठवू."

"न टाकता माझ्या दुकानातून खोकं गेलेलं नाही. कच्चं राहिलं असेल तर इथंच कळायला हवं ना?"

"मग टाक!"

"नाही होत गं!"

दोघींच्या डोळ्यांत पाणी. बाहेर माझी गाडी उभी होती, माल न्यायची वेळ झाली होती. मी पुढे झालो आणि म्हटलं, "द्या इकडे."

दोघींनी ते खोकं किती विश्वासाने माझ्या हातात दिलं! गाडीत नीट नेऊन ठेवीन असंच त्यांना वाटलं. मी ते कमरेच्याही वर उचललं, आमच्या गाड्यांच्या पाठीमागून माल पडतो तेवढं. माझा नव्हे, इतरांचा. आणि सोडून दिलं.

खोकं कोपऱ्यावर आपटलं आणि कलंडलं.

"बाबा!" मुलगी किंचाळली. बायकोचं तोंड उघडं ते उघडंच. आणि त्यातून एक शब्द बाहेर पडला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं. मी खोकं उचलून कानाशी धरलं, पण स्वतःच्याच छातीच्या धडधडीपुढे मला काही ऐकू येईना. मी ते मुलीकडे दिलं.

तिने हलवलं. पुन्हा हलवलं. "बोलत नाहीये," ती म्हणाली. मग तिने खोकं जमिनीवर ठेवलं आणि थेट आईसारखी त्यावर ऐसपैस बसली, आणि बसल्या बसल्या रडायला लागली.

तोवर बायकोला वाचा फुटली. "बघितलंस? बघितलंस ना? इतकी वर्षं मी काय सांगत होते? हे फेकतात!"

गाडीत ते खोकं मी माझ्या शेजारच्या सीटवर पट्टा लावून ठेवलं. गोदामापर्यंत माझ्या हाती, पुढे राक्षसांच्या. फोन येईपर्यंत घरात तिघांचाही जीव टांगणीला होता. न बोलणाऱ्या खोक्यातही एखादा कप तडकलेला असू शकतो, हे आई मुलीला सांगत नव्हती आणि मुलगी आईला विचारत नव्हती.

फोन आला तेव्हा हॉटेलवाला चिडलेलाच वाटला. "अहो, काय बांधलंय हे! एक खोकं उघडलं तर आत दुसरं खोकं! सगळ्या हॉटेलभर नुसते कागदाचे बोळे झालेत."

"आणि कप?" मुलीने विचारलं.

"कप ना? त्यातूनच चहा पितोय की आम्ही. सगळे शाबूत आहेत. बाकीचे कधी पाठवताय?"

आमचा जीव भांड्यात पडला, आणि भांडंही फुटलं नाही.

तेव्हापासून मुलीचं खोकं बांधून झालं की बायको दुकानातून हाक मारते, "अहो, या इकडे, तुमचं काम आहे." गल्लीत मला आता आपटराव म्हणतात, आणि मीही हाक आली की ओ देतो. पण माझ्या बोलण्यात तसूभरही फरक पडलेला नाही. आजवर माझ्या हातून एकही पार्सल पडलेलं नाही. टाकलेली मी मोजत नाही.