एलिदेमावशीचा एकच टाका

एलिदेमावशीला लेसच्या विणकामातली आयुष्यभर एकच गोष्ट आली, ती म्हणजे जाळी. फुलं नाहीत, पानं नाहीत, काठ नाही. अकराव्या वर्षी तिला व्हेनिसजवळच्या बुरानो बेटावरच्या विणकामाच्या शाळेत घातलं, तेव्हा बाईंनी तिची बोटं उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, हिला जाळी द्या. झालं. पुढची बहात्तर वर्षं मावशीने जाळीच विणली.

आमच्या बेटावर सगळ्यांचीच रीत ती. एक बाई, एक टाका. कागदावर नक्षी काढणारी वेगळी, नक्षीवर दोऱ्याची कड बसवणारी वेगळी, फुलं भरणारी वेगळी, फुलांना जोडणारे मधले दांडे घालणारी वेगळी. जाळी मावशीची. त्यावर उठाव देणारी ओर्सोला, आणि शेवटी लेस कागदापासून अलगद कापून सोडवणारी सातवी. सातजणींच्या हातून गेल्याशिवाय हातरुमालसुद्धा पुरा व्हायचा नाही. म्हणून आमच्याकडे लेसवर कुणी नाव घालत नाही. घालणार तरी कुणाचं? आणि एकीने दुसरीच्या टाक्यात हात घातला, तर त्याला आम्ही हुशारी म्हणत नाही, आगाऊपणा म्हणतो.

मावशीचा नवरा बेपी खाडीत खेकडे धरायचा. संध्याकाळी दारात बसून तो आपलं जाळं सांधायचा आणि शेजारी ही मांडीवर विणकामाची उशी घेऊन हिची जाळी विणायची. माझ्या जाळ्यात निदान काहीतरी सापडतं, असं तो रोज म्हणायचा, आणि सापडले ना मी, असं ती रोज उत्तर द्यायची. इतका साधा विनोद, पण तो गेल्यावर मावशी पहिल्यांदा रडली ती याच विनोदासाठी. मूलबाळ नव्हतं. सातजणींतल्या पाचजणीही एकेक करून गेल्या. राहिल्या दोघी, मावशी आणि ओर्सोला. जाळीवाली आणि उठाववाली. पण जाळीच्या आधी फुलं लागतात आणि उठावानंतर कात्री. दोघींना मिळून काहीच पुरं करता येईना. तरी दर रविवारी चर्च सुटल्यावर ओर्सोला मावशीकडे यायची. दोघी दारात खुर्च्या टाकून कॉफीत बिस्किटं बुडवत आणि मेलेल्या मैत्रिणींच्या खोड्या आठवत बसायच्या.

आता माझी पाळी. मी नीवेस, मावशीच्या बहिणीची मुलगी. चौतिसाव्या वर्षी त्रेविझोहून संसार मोडून परत आले, गाईडचा परवाना काढला आणि एका कंपनीत एक दिवसाच्या टूरला लागले. सकाळी नऊला व्हेनिसच्या धक्क्यावर पिवळी छत्री उंच धरायची. दुपारच्या आत चौक, चर्च, पूल आणि कालवे उरकायचे. मग बोट. मुरानोला भट्टीसमोर काचेचा घोडा होताना दाखवायचा, बुरानोला पाऊण तास, तोर्चेल्लोला जुनं चर्च, आणि सहाला माणसं जिथून उचलली तिथे सोडायची. अकरा वर्षं मी हे करते आहे. माझं पोट माझ्या जिभेवर आहे, आणि या जिभेने काय केलं तेच सांगायला बसले आहे.

बुरानोला आमचा थांबा सिल्व्हानोच्या लेसच्या दुकानात. दारात विणणारी एखादी म्हातारी असली तर गिऱ्हाईक आत येतं, असं तो म्हणाला, आणि मीच मावशीचं नाव सुचवलं. तिलाही बरं वाटलं. घरात एकटं बसण्यापेक्षा माणसांत बसेन म्हणाली. तिच्या डोक्यामागे सिल्व्हानोने एक मोठा टेबलक्लॉथ टांगला होता, फुलापानांनी गच्च भरलेला. तो परदेशी मालाच्या पेटीतून आला होता, आणि एक विकला की तसाच दुसरा तिथे लागायचा. कुठल्या देशातून, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं नाही की माहीत नसतं, आणि माहीत नसलं की झोप लागते.

पहिले चार-सहा दिवस मी खरं सांगितलं. सातजणी, सात टाके, या आजींचा जाळीचा. लोक ऐकायचे आणि विचारायचे, मग यातलं यांनी नेमकं काय केलंय? मी मावशीच्या उशीवरचा तळहाताएवढा तुकडा दाखवला की त्यांचे चेहरे पडायचे. शिवाय ते सगळं सांगायला पाच मिनिटं लागायची आणि मागे दुसरा ग्रुप उभा असायचा. मग एके दिवशी मी गोष्ट आवरती घेतली. मागच्या टेबलक्लॉथकडे हात करून इंग्रजीत म्हणाले, हा या आजींनी एकट्यांनी तीन वर्षं खपून विणला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने वर बघून मान हलवली. मला वाटलं, तिला काय कळतंय. ते वाक्य मग मी रोज म्हणू लागले.

पाचएक वर्षांपूर्वी ओर्सोला यायची थांबली. सांगून नाही, भांडून नाही. एका रविवारी आली नाही, मग पुढच्याही नाही. रस्त्यात मावशी दिसली की ती कालव्याच्या समोरच्या काठाला जायची. मावशी कारणं शोधत बसायची. तिची कढई परत द्यायची राहिली म्हणून असेल. तिच्या भावाच्या मयताला मी तापात होते, गेले नाही, ते लागलं असेल, असं म्हणायची. कढई घासून-पुसून मी पोचवून आले. ओर्सोलाने ती घेतली आणि दार लावलं. मी मावशीची थट्टासुद्धा केली, की ऐंशीव्या वर्षी हे शाळकरी पोरींसारखे रुसवे शोभतात का तुम्हाला? मावशी हसली नाही. दुसरी खुर्ची मात्र ती रविवारी बाहेर काढत राहिली.

आणि मग या एप्रिलमधली ती डॅनिश बाई. वय सत्तरच्या पुढे, हातात काठी. इतर लोक मांजरांचे आणि रंगीत घरांचे फोटो काढत होते, तेव्हा ही मावशीसमोर खाली वाकून तिचा टाका बघत होती. बाई जाणकार होती. आपली आईही सुईकाम करायची, असं तिने मला सांगितलं. तिने टेबलक्लॉथ नातीच्या लग्नासाठी घेतला, आणि सिल्व्हानो तो घडी करत असताना मला म्हणाली, यांना एका चिठ्ठीवर नाव लिहून द्यायला सांगाल का? नातीला कळू दे, कुणी विणला ते.

सिल्व्हानोने लगेच पेन पुढे केलं. मी मावशीला म्हणाले, बाईंना तुझं नाव हवंय, आठवण म्हणून.

"कशाची आठवण?" मावशीने विचारलं.

"त्या टेबलक्लॉथसोबत ठेवायला. लिही ना पटकन, बोट सुटेल."

मावशीने टेबलक्लॉथकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं आणि पेन उशीवर ठेवलं. "चष्मा नाही माझ्याजवळ," ती म्हणाली. चष्मा तिच्या नाकावर होता. तिथे मी थांबायला हवं होतं. ती म्हातारी मला थांबायची जागा काढून देत होती. पण सिल्व्हानो बघत होता, डॅनिश बाई हसून वाट बघत होती, आणि बोट खरोखरच सुटायची वेळ झाली होती. मी पेन उचललं आणि माझ्या अक्षरात मावशीचं नाव लिहून दिलं. आडनावासकट. डॅनिश बाईने चिठ्ठी पर्समध्ये जपून ठेवली, आणि वाकून मावशीचा हात दोन्ही हातांत धरला. मावशी जमिनीकडे बघत राहिली.

मागे वळले तर कालव्याच्या कठड्याशी इलारिया उभी. ओर्सोलाची नात, लीदोच्या एका हॉटेलात स्वागतकक्षात काम करते, इंग्रजी माझ्याहून चांगलं. ती आमच्या बोलीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आता सहीसुद्धा तुम्हीच करता का? पाच वर्षांपूर्वी इथेच उभी राहून ऐकलं होतं मी, आणि तिला मान हलवताना पाहिलं होतं. घरी जाऊन आजीला सांगितलं, एलिदेआजी म्हणते सगळं तिने एकटीने केलं. तेव्हापासून आजी तिचं नाव घेत नाही. उठाव काय आपोआप आला का, म्हणून रडायची."

सिल्व्हानो दुकानात शिरला. मावशीने दोरा ओवायला घेतला, आणि तो तिला ओवता येईना.

त्या दिवशी तोर्चेल्लोच्या चर्चमध्ये मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. भिंतीवर तिथे पापी लोकांना काय काय शिक्षा होतात त्याची मोठी चित्रं आहेत. एरवी त्यावर माझे दोन हमखास हशे असतात. त्या दिवशी मी म्हटलं, बघा आपलं आपण, आणि बाहेर गवतावर जाऊन बसले. लाज म्हणजे काय, ती अंगाला कशी चिकटते, हे मला तिथे पंचेचाळीसाव्या वर्षी कळलं. एका वाक्याने मी मावशीची शेवटची मैत्रीण तोडली होती, वर कढई पोचवून आले होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळीच ओर्सोलाकडे गेले. ती स्वयंपाकघरात आर्टिचोकची भाजी निवडत बसली होती. बस म्हणाली नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते वाक्य माझं होतं. मावशीला इंग्रजी येत नाही. मी काय बोलते ते तिला एका अक्षराने ठाऊक नव्हतं, ती नुसती मान हलवायची, जशी कुणी नमस्कार केला की हलवतो तशी.

ओर्सोलाचे हात थांबले. "म्हणजे तिला माहीतच नव्हतं?"

"नाही. शपथेवर सांगते."

"पाच वर्षं," ती म्हणाली. "अगं, पाच वर्षं मी त्या बिचारीला..." तिने एप्रन काढला, हात पुसले, आणि तशीच घरातल्या सपाता घालून निघाली. गुडघे दुखतात तिचे, पण पुलाच्या पायऱ्या चढताना तिने माझा हातसुद्धा धरला नाही. मी मागून चालत होते आणि खोटं कशाला बोलू, खूश होते. निस्तरलं, असं वाटत होतं. मावशीने फक्त हो म्हणायचं होतं.

मावशी दारात बसली होती. दुकानात गेली नव्हती. ओर्सोलाला येताना बघून ती उठली, उशी खाली पडली.

ओर्सोलाने तिचा दंडच धरला. "नीवेसने सांगितलं मला सगळं. तुला काही माहीत नव्हतं. मीच मूर्ख. विचारायला हवं होतं एकदा येऊन."

मी मावशीकडे बघत होते. मान हलव, मी मनात म्हणत होते. अकरा वर्षं हलवलीस, आता एकदा हलव.

"मला माहीत होतं," मावशी म्हणाली.

ओर्सोलाने हात सोडला. मी मध्ये पडले, मावशी, तुला इंग्रजी कुठे येतं, काहीतरी काय बोलतेस, असं म्हणाले.

"त्याला इंग्रजी कशाला लागतं? ही त्या कापडाकडे हात करायची, आणि लोक माझ्या बोटांकडे बघायचे. पहिल्याच वर्षी कळलं." ती माझ्याकडे बघतच नव्हती, सगळं ओर्सोलाला सांगत होती. "कढईचं मी आपलं म्हणायची. तू का येत नाहीस ते मला ठाऊक होतं."

"मग बोलली का नाहीस? मान कशाला हलवलीस?" ओर्सोलाने विचारलं.

"बहिणीची मुलगी आहे. तेव्हा नुकती परत आली होती, चेहरा बघवत नव्हता हिचा. चार लोकांत कसं खोटं पाडू? म्हटलं, एक हंगाम जाऊ दे. हिची हिलाच लाज वाटेल. मग दुसरा हंगाम आला."

समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालता घालता थांबली होती, ती आत गेली. मला वाटलं ओर्सोला आता उलट पावली जाईल, आणि गेली असती तर तिचं काही चुकलं नसतं. पण तिने खाली पडलेली उशी उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि तुकडा डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

"जाळी सैल पडायला लागली आहे तुझी," ती म्हणाली.

"डोळे गेलेत."

"दिसतंय," ओर्सोला म्हणाली आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसली.

भिंतीला टेकून आणखी एक खुर्ची होती. मला कुणी बस म्हणालं नाही, आणि ती ओढून घ्यायची माझीही छाती झाली नाही.