पावण्याच्या बाटलीला सहा मार्क

आधी आमच्या घरमालकीण काकूंचं सांगतो, मग व्हिस्कीचं. नाव घालायचं नाही असं त्यांनी बजावलंय, म्हणून नुसतं काकू. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीची पोरं सांभाळून त्या निवृत्त झाल्या. रोज सकाळी बुद्धांच्या फोटोपुढं उभ्या राहून पंचशील म्हणतात. दारूपासून दूर राहायचं पाचवं शील आलं की आवाज जरा चढवतात, कारण वरच्या खोलीत मी असतो. अशा बाईनं मला व्हिस्कीवर लिहायला शिकवलं. त्यांच्यामुळं माझं या गावात काय राहिलं ते पुढं येईलच.

मी गोंदियाकडचा. आठवीत शाळा सुटली, किंवा मी सोडली. दोघांनीही एकमेकांना अडवलं नाही. मिळेल ते काम करत फिरलो आणि शेवटी कागलच्या एका फाउंड्रीत मशीनवर लागलो. कोल्हापुरात ओळखीचं कुणी नव्हतं. माझं 'मले-तुले' ऐकून हॉटेलवालासुद्धा आत डोकं घालून सांगायचा, "अरे, पावण्याला अजून एकदा बोलाय लाव." रविवार काही केल्या सरायचा नाही. मग मोबाईलवर व्हिस्कीचे व्हिडिओ बघायचा नाद लागला. महिन्यात एखादी बाटली आणून थोडी-थोडी चाखायची आणि कसली चव लागली ते मोबाईलमध्ये लिहून ठेवायचं. हे आमच्या फाउंड्रीतून माल नेणाऱ्या एका ट्रॅक्टर पार्टवाल्याला कळलं. त्याचं व्हिस्की मंडळ होतं. म्हणाला, "ये की भावा रविवारी. एक माणूस कमीच हाय."

कोल्हापुरात चार माणसं दुसऱ्यांदा एका जागी बसली की मंडळ होतं, आणि मंडळ झालं की अध्यक्ष लागतो. पार्टवाला अध्यक्ष होता. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब होते, त्यांना सगळे बँकवाले म्हणत. सिमेंटवाला एक पैलवान होता, तो कधी काही बोलायचा नाही, नुसते मार्क द्यायचा. आणि मी. मला त्यांनी 'गोंदिया' नाव ठेवलं. शिरोळ रोडला अध्यक्षांच्या उसाच्या कडेला पत्र्याचं शेड होतं, तिथं दुपारी बसायचं. आठवडाभर मशीन सोडून कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. तिथं मात्र माझ्या नावाची एक खुर्ची होती. ती खुर्ची जाऊ नये एवढीच मला काळजी, आणि ती काळजी मी प्रत्येक घोटाबरोबर गिळायचो.

परीक्षणाची पद्धत अशी. आधी मटण. तांबडा रस्सा वाट्या-वाट्यांनी ओरपायचा. नाक वाहायला लागलं, कानातून वाफा निघाल्या, की मग ग्लास उचलून वास घ्यायचा. "ओक हाय," अध्यक्ष डोळे मिटून सांगायचे, "दाबून ओक हाय." व्हिस्की मुरवायची पिंपं ज्याची करतात ते ओकचं झाड शेडमधल्या कुणी पाहिलेलं नव्हतं. पण व्हिडिओतले सगळे गोरे ओक म्हणतात, मग आपणच कशाला मागं राहायचं?

चामड्याचं तर वेगळंच. चांगल्या व्हिस्कीत चामड्याचा वास असतो असं बँकवाल्यांनी कुठंतरी वाचलं. कोल्हापुरात चामड्याला काय तोटा? अध्यक्षांनी नवी कोरी कोल्हापुरी चप्पल आणली आणि ती प्रसादासारखी हातोहात फिरली. सगळ्यांनी गंभीरपणे वास घेतला. पण चप्पल करकरू नये म्हणून अध्यक्षांच्या घरी तिला आधीच एरंडेल लावून ठेवलं होतं. तेव्हापासून आमच्या मंडळात ज्या बाटलीला एरंडेलासारखा वास येईल ती भारी. दोन-तीन बाटल्यांना तसला वास येत होता, त्यांना आम्ही डोक्यावर घेतलं. मीही घेतलं. खुर्चीचा प्रश्न होता.

आणखी एक नियम होता, कुणी न सांगितलेला. पावण्यानं आणलेल्या बाटलीला दहापैकी आठच्या खाली मार्क नाहीत. घरी आलेल्या माणसाच्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत, ही इथली रीत. रीत चांगलीच आहे. फक्त तिच्यामुळं मंडळाच्या यादीत वरच्या सगळ्या बाटल्या मेहुण्यांच्या, व्याह्यांच्या आणि साडूंच्या होत्या.

एका रविवारी अध्यक्षांचे पुण्याचे मेहुणे आठवडाभर राहायला आले. विमानतळावरून घेतलेली परदेशी बाटली घेऊन आले आणि तिला टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरून बसले. ठरलं असं की यावेळी प्रत्येकानं थोडी घरी न्यायची, नीट लिहून आणायचं आणि पुढच्या रविवारी पावण्यासमोर वाचायचं. होमिओपॅथीच्या नव्या रिकाम्या बाटल्यांत वाटप झालं. आठवीनंतर मी कुणासमोर काही वाचलं नव्हतं.

दोन दिवस खपून लिहिलं आणि चुका बघायला काकूंकडं नेलं. लिहिलं होतं: ओक, व्हॅनिला, चामडं, चवीचा शेवट लांबलचक.

काकूंनी चष्म्यावरून बघितलं. "ओक बघितलंयस काय कवा?"

"नाही."

"तुमच्यातल्या कुणी?"

"अध्यक्षांनी. व्हिडिओत."

"मग व्हिडिओलाच मार्क द्या की. बाटली कशाला फोडताय?" त्यांनी हात पुढं केला. "आण इकडं ते. प्यायला बंदी हाय, वासाला न्हाय." बाटलीचं बूच काढून त्यांनी लांबूनच हुंगलं आणि नाक मुरडलं. "मला औषधासारखं वाटतंय. तुला काय वाटतंय? खरं सांग."

मी पुन्हा वास घेतला. खरं म्हणजे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आमच्याकडं उन्हाळा लागताना पहाटे मोहाची फुलं खाली पडतात. आई-मावशी टोपल्या भरून आणतात आणि अंगणात वाळत टाकतात. दुपार झाली की सगळं अंगण गोड, जड, जरासं आंबूस वास मारतं. डोकं धरतं त्या वासानं. तस्साच वास.

"मोहफुलांचा," मी म्हणालो. "पण काकू, मोहाची दारू म्हणजे गावठी. विमानतळावरच्या बाटलीला मोहाची म्हटलं तर मला हाकलतील तिथून."

"आणि मार्क किती द्यावेसे वाटतात?"

"सहा."

काकूंनी कागद माझ्यापुढं सरकवला. "हे बघ, पाचवं शील तर तू मोडतोयसच. खोटं न बोलायचं चौथं तरी पाळ."

मग त्या शेजारी बसल्या आणि मी एकेक वाक्य लिहीत गेलो. 'अंगण' लिहिलं की विचारायच्या, अंगण कसलं, शेणानं सारवलेलं का फरशीचं? 'फूल' लिहिलं की विचारायच्या, हातात घेतल्यावर कसं लागतं? पहिलीच्या पोराला विचारावं तसं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गावाबद्दल कुणी मला एवढं विचारत होतं.

रविवारी रस्सा झाला, नाकं पुसून झाली. अध्यक्षांनी नऊ दिले, ओकसाठी. बँकवाल्यांनी साडेआठ, चामडं आहे, पण लाजतंय, म्हणाले. पैलवानानं बोटं दाखवली, आठ. मेहुणे प्रत्येकाला नमस्कार करत होते. मग मी वाचलं. अंगण आलं, मोहाची फुलं आली, टोपल्या आल्या, आणि शेवटी सहा मार्क आले.

मेहुण्यांनी बाटली टॉवेलात गुंडाळायला घेतली.

"पावण्याच्या बाटलीला गावठी म्हंतोस व्हय?" अध्यक्ष म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं, पण हळू म्हणाले. "आमच्यात असं बोलत न्हाईत. तुमच्यात बोलत असतील."

या 'तुमच्यात'वर मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मी कागलच्या बाजूला जाणारी गाडी आहे म्हणालो, जी नव्हती, आणि निघालो. खोलीवर पोचेपर्यंत मोबाईलवर आलं होतं: अध्यक्षांनी तुम्हाला ग्रुपमधून काढले. काकूंना मी सांगितलं नाही. पण त्यांना कळलं असावं, कारण पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी मला जेवायला खाली बोलावलं आणि एकदाही व्हिस्कीचा विषय काढला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी फाउंड्रीच्या गेटवर अध्यक्षांचा फोन आला. "अय गोंदिया, कुठं गायबलास? मेव्हण्यानं पुण्यात त्यांच्या क्लबात तुझं ते मोहाचं सांगितलं की. लई गाजलं म्हणं. हितल्या मातीचा वास, असं कायतरी म्हणाले ती लोकं. आता त्यो मला इचारतोय, मोह वला का वाळका? मी काय सांगू त्याला?"

"वाळत टाकलेला. पुरता वाळायच्या आधीचा."

"हां. तसंच म्हणलं मी. रविवारी ये."

गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? आता मंडळाला प्रत्येक बाटलीत मोह लागतो. बँकवाल्यांना परवा सोड्यातसुद्धा लागला. मोहाचं फूल शेडमध्ये माझ्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही, पण पुण्यानं मान्य केलंय म्हटल्यावर झालं. पावण्याच्या बाटलीला आठच्या खाली मार्क न देण्याचा नियम अजून तसाच आहे, त्यातून फक्त मला वगळलंय. नवा पावणा आला आणि मी पाच-सहा दिले की अध्यक्ष त्याच्या मांडीवर थाप मारून सांगतात, "त्याला सूट हाय. लांबचा हाय त्यो." पावणा हसतो, मीही हसतो. खुर्ची राहिली. ती लांबच्या माणसाची म्हणून राहिली, हे मला समजतं. तरी रविवारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसतो.

हे सगळं सांगितलं तेव्हा काकू भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "मग आता प्यायचं सोड की." मी समोरची जुडी ओढून निवडायला घेतली. निभणार नाही असं वचन त्या बाईला देणं मला जमलं नाही.

पण दुसरं एक वचन देतो, इथंच लिहून. त्यांना नागपूरला दीक्षाभूमीला जायचंय. दरवर्षी कुणी ना कुणी नेतो म्हणतं आणि दरवर्षी त्यांचे गुडघे किंवा नेणारे माघार घेतात. कोल्हापूरहून निघून नागपूरमार्गे गोंदियाला जाणारी गाडी आहे. काकू, खालचा बर्थ मी बघतो, पिशव्या मी उचलतो, गर्दीत हात धरतो. अजून तारीख सांगता येत नाही, फाउंड्रीची सुट्टी माझ्या हातात नाही. पण एक दिवस नेईन.