कमी फिरलेली गाडी

गाड्यांच्या खरेदी-विक्रीच्या आमच्या आवारात त्यांना सगळे निम्मेकाका म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच राहिलं. लोक मनात एक आकडा धरून महागडी गाडी विकायला आणायचे, काका तिच्याभोवती दोनदा फिरायचे आणि त्या आकड्याच्या निम्मा सांगायचे. अठ्ठावीस वर्षं रोज चार-पाच माणसांचे चेहरे पाडायचे, हा काय धंदा झाला? पण कुणीतरी करायला हवा होता, आणि आवाराच्या मालकांना स्वतःचं तोंड गोड ठेवायचं होतं.

मी तिथं कागदपत्रं बघायचे, त्यामुळे सगळं कानावर पडायचं. आमच्याकडे यायच्या त्या ग्रँड टूरर. दोन दारांच्या, जमिनीला टेकलेल्या गाड्या, सकाळी निघून संध्याकाळपर्यंत अंग न दुखता भलत्याच मुलखात पोचवणाऱ्या. नवी घेतली की तीन-चार वर्षांत किंमत निम्मी. पहिल्यांदा मला ते खरंच वाटेना. तेव्हा काका कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, "ज्याला परवडते त्याला नवीच हवी असते. आणि ज्याला जुनी घेता येते, त्याला तिची दुरुस्ती झेपत नाही. मग घेणार कोण? हत्ती विकत घेणं सोपं असतं, बाई. पोसणं अवघड."

त्यांची एक रीत होती. गाडीसमोर उभं राहून आकडा सांगायचा नाही. गाडी धुण्याच्या जागेमागे एक बाक होता, गाडी विकणाऱ्याला तिथं न्यायचं, बसवायचं, मग सांगायचं. मला आधी ते नाटक वाटायचं. पण गाडीपाशी असला की माणूस तिच्या टपावर हात ठेवून उभा राहतो आणि काही ऐकूनच घेत नाही, हे मीही पुढे पाहिलं.

आमच्याकडून गाडी विकत घेणाऱ्या प्रत्येकाला मात्र ते गाडीसमोरच एक सल्ला द्यायचे. "कमी चालवा, कव्हर घालून ठेवा. किंमत टिकेल." आमच्या मालकांना हे वाक्य फार आवडायचं. काका ते इतक्या वेळा बोलले होते, की बोलताना त्यांचं लक्षही नसायचं.

मागच्या वर्षी एका दुपारी दातांचे डॉक्टर आले. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. यांनी ते भरलं होतं आणि दवाखाना बंद केला त्या वर्षी आमच्याकडूनच गडद निळी ग्रँड टूरर घेतली होती. तेव्हा बायको बरोबर होती. घाट ओलांडून समुद्राच्या कडेकडेनं महिनाभर फिरायचं, असं दोघं मला कौतुकानं सांगत होते. आता चार वर्षांनी ती गाडी विकायला आली होती. मागून त्यांच्या बाई काठी टेकत फाटकातून आत आल्या आणि गाडीपाशीच माझ्या खुर्चीवर बसल्या.

काकांनी गाडी उघडली. आतला वास अजून नव्या कातड्याचा होता. किलोमीटरचा आकडा पाहून ते उतरले आणि वाकून टायर बघू लागले. चार वर्षांत गाडी जेमतेम दोन हजार किलोमीटर चालली होती. टायर एकाच जागी उभं राहून चपटे झालेले, रबरं सुकलेली, बॅटरी दोनदा बदललेली.

"बघितलंत?" डॉक्टर म्हणाले. "तुम्ही सांगितलं तसंच ठेवलं. दर रविवारी कव्हर काढून पुसायचो."

"चला, मागे बसू," काका म्हणाले.

"मला नाही जमायचं तिथवर," बाई म्हणाल्या. "इथंच सांगा."

मग काकांनी इथंच सांगितलं. निम्म्याहून कमी. डॉक्टर लाल झाले. "अहो, पण ही चाललीच नाही!"

"चालली नाही, पण वय झालं ना," काका म्हणाले. "नवी मॉडेलं आली. आणि उभ्या गाडीचा खर्च घेणाऱ्यालाच करावा लागतो, तोही मी कापलाय."

बाई इतका वेळ काठीच्या मुठीकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "आम्ही ही भरपूर फिरवली असती, तर किती आले असते?"

आमचे मालक काचेच्या खोलीतून बघत होते. 'खूपच कमी' एवढं बोलून काकांना सुटता आलं असतं. डॉक्टर खूश, मालक खूश. मला तर वाटलं, बोला की हो एकदा खोटं, कुणाचं काय जातंय!

"जवळजवळ एवढेच," काका म्हणाले. "शंभरातले चार-पाच कमी. फार तर."

"मग तुम्ही तेव्हा का म्हणालात, चालवू नका?"

"चुकलो," काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका थकलेला मी कधी ऐकला नव्हता. "सगळ्यांनाच म्हणायचो. तुम्ही खरंच ऐकाल असं वाटलं नव्हतं."

डॉक्टर एकदम ताठ झाले. "विकायची नाही आपल्याला. राहू दे. टायर बदलू आणि परवाच निघू. समुद्र कुठं पळून गेलाय?"

मला इतकं बरं वाटलं की मी कागद फायलीत परत ठेवायला घेतले.

"अहो," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, तेच जास्त वाईट होतं. "एवढ्या खाली मी बसणार कशी? आणि बसले तर उठवणार कोण? म्हणून तर आज टॅक्सीनं आले तुमच्या मागनं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत वाकत होता हा गुडघा. तेव्हा रोज म्हणत होते, चला."

डॉक्टर गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते. काकांनी तो हात हळूच खाली घेतला आणि त्यात पेन दिलं.

"कुठं करायची सही?" डॉक्टरांनी मला विचारलं.

मी जागा दाखवली.