लेबल झाकायचं नाही

अश्लेषा सिंगापूरला आली तेव्हा झोपेत तिचं मनगट हलायचं. पाव वळसा, थांबा, पुन्हा पाव वळसा. नवरा सारंग वैतागून म्हणायचा, "झोप गं. बाटल्या दिंडोरीत राहिल्या."

दिंडोरीजवळच्या वायनरीत ती मायक्रोबायोलॉजिस्ट होती. बुडबुड्यांची वाइन तिच्याकडे. युरोपात द्राक्षं उन्हाळा सरताना तोडतात. दिंडोरीकडे ऑक्टोबरात छाटणी आणि भर थंडीत तोडणी, तीही ऊन चढायच्या आत, द्राक्ष आंबट असतानाच. त्याची साधी वाइन करायची, मग साखर आणि यीस्ट घालून तिला पुन्हा बाटलीत कोंडायचं. यीस्ट साखर खातं, वायू सोडतं, वायूला वाट नसते. मग यीस्ट मरतं, आणि त्या मेलेल्यांच्या सोबतीत बाटली कित्येक महिने अंधारात पडून राहते. त्यातूनच तिला भाजलेल्या पावाचा वास येतो. शेवटी रोज थोडी फिरवत बाटली उलटी करायची, गाळ मानेत उतरवायचा, मान गोठवायची आणि झाकण काढायचं. गाळ कुणी ओढून काढत नाही. आतला दाबच त्याला बाहेर फेकतो.

सारंगला इथल्या बँकेत नोकरी लागली म्हणून ती आली. काही काळ घरी बसली. मग पाया लेबार भागातल्या एका वाइन आयातदाराकडे लागली आणि त्याच्या मागे लागून तिने दिंडोरीचे खोके मागवले. ते गोदामात पडून राहिले. साहेबाने सांगून टाकलं: या महिन्यात एखादं हॉटेल मिळव, नाहीतर ही वाइन आपण बंद करतो.

म्हणून निशिकांतदादांचा फोन आला तेव्हा तिने लगेच हो म्हटलं. दादा इथल्या महाराष्ट्र मंडळातले, एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर, जुने सिंगापूरकर. तोआ पायोहच्या त्यांच्या काँडोत, म्हणजे सोसायटीत, त्यांच्या लग्नाचा रौप्यमहोत्सव होता, आणि पाहुण्यांत हॉटेलांसाठी खरेदी करणारा मिस्टर तान होता. "तुझ्या घरी प्यायलो होतो, तीच शॅम्पेन आण," दादा म्हणाले.

"शॅम्पेन फ्रान्सचा मुलूख आहे, दादा. हिचं गाव दिंडोरी."

"तेच गं ते."

संध्याकाळी फंक्शन रूममध्ये तिने बर्फातून पहिली बाटली काढली. बाहेरच्या दमटपणाने काच लगेच घामेजली. दादा पांढऱ्या नॅपकिनांची चळत घेऊन आले.

"हे गुंडाळ. मानेपासून खालपर्यंत."

"नॅपकिन घाम टिपायला असतो. मानेला पुरे."

"लेबल दिसतं ना." त्यांनी आवाज खाली आणला. "तानला आधी आवडू दे. फ्रेंच समजून प्यायला तर बिघडलं कुठे? मग सांगू हळूच. तुझीच ऑर्डर निघेल, वेडे."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर काय! ऑर्डर आली ना हातात?"

त्यांची मुलगी जाई फुगे बांधत होती. ती तिथूनच सिंगापुरी ढंगात म्हणाली, "बाबा, कव्हर कशाला? जस्ट सर्व्ह लाह!"

"तू फुगे बघ."

अश्लेषाने बाटली पुन्हा बर्फात ठेवली. एक गुंडाळी, आणि दिंडोरीचे खोके येत राहतील. पण येतील ते तोंड लपवून, आणि पुढच्या प्रत्येक टेबलावर तो नॅपकिन तिलाच बांधावा लागेल.

"दादा, तुम्ही पुण्याचे आहात हे बँकेत लपवता?"

"तो संबंध काय इथे?"

"लेबल झाकून मी उघडणार नाही."

"मग वेटर उघडेल."

"बिल अजून झालेलं नाही. माल माझ्या ताब्यात आहे."

दादांचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "हट्ट आहे हा. मंडळात पुन्हा तुझं नाव काढणार नाही मी."

"नका काढू. बाटलीवरचं तेवढं झाकू नका."

"घेऊन जा सगळं. खालच्या दुकानातून फ्रेंच आणवतो."

तिने खोके ट्रॉलीवर रचले. कुणी हात लावला नाही. लिफ्टपाशी मागून जरीच्या साडीची सळसळ आली. दादांची बायको, सुनेत्राताई.

"मला एक देऊन जा. पाहुणे गेले की स्वयंपाकघरात बसून पिईन."

"स्वयंपाकघरात प्यायची असेल तर देत नाही, ताई."

सुनेत्राताई हसल्या. "किती आगाऊ आहेस गं! आण इकडे. निम्मा रौप्यमहोत्सव माझाही आहे."

त्या बाटली घेऊन आत गेल्या. काचेच्या दारातून अश्लेषाला दिसलं: त्यांनी केक सरकवला, बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली आणि लेबल लोकांकडे वळवलं. निशिकांतदादा नॅपकिन घेऊन पुढे झाले. सुनेत्राताईंनी बाटलीवर हात ठेवला, आणि तो काढला नाही. तान अजून आलाच नव्हता.

लिफ्ट आली. अश्लेषाने ट्रॉली आत ढकलली आणि सारंगला फोन लावला.

"गाडी दाराशी आण. खोके परत चाललेत."

"का? काय झालं?"

"सांगते. आणि साहेबांना हे सोमवारी मीच सांगणार. महिना अजून संपलेला नाही. यिशुनला ते नवीन रेस्टॉरंट उघडलंय ना, आधी तिथे जाऊ."

"आत्ता?"

"आत्ता. बाटल्या गार आहेत."