स्टूल घेऊन गोंद्याला जाणारे साडभाऊ

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. कुणी साडभाऊंचा विषय काढला की मी त्यांच्या गमती सांगायचो, लोक हसायचे, आणि माझा स्वतःचा भाग जवळ आला की मी उठून चहाचं बघायचो. आता वय ऐंशीला टेकलं. तेव्हा आधी दोन गोष्टी सांगून टाकतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडभाऊ, यांच्याइतका संशयी माणूस अख्ख्या बालाघाटात दुसरा झाला नाही. आणि आमच्या नात्यागोत्यात त्यांच्यावर जो एक संशय घेतला गेला, तो साफ खोटा होता. तो मी पेरला होता.

त्यांची नोकरीच संशय घेण्याची. भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत पाळीची माणसं आत शिरण्याआधी हे एकटे पुढं जायचे, लांब सळईनं डोक्यावरचा दगड ठोकायचे आणि कान देऊन आवाज ऐकायचे. टणक वाजला तर माणसांना हाक, पोकळ वाजला तर सगळे मागे. तीस वर्षं हे केलेल्या माणसानं रिटायर होताना सळई परत केली, पण ठोकणं काही सुटलं नाही. टरबूज काय, कुणीही ठोकून घेतं. साडभाऊ पाहुण्याला बसायला देण्याआधी खुर्ची ठोकायचे, लग्नाला गेले तर मांडवाचे खांब ठोकायचे, आणि मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा होणाऱ्या जावयाच्या पाठीवर थाप मारून त्यांनी क्षणभर कान पुढे केला होता, हे मी स्वतः पाहिलं आहे. माणसांच्या शब्दांचंही तेच. किरनापूरची बस हीच का, हे ते ड्रायव्हरला विचारायचे, मग कंडक्टरला विचारायचे, आणि दोघंही हो म्हणाले की मला बाजूला घेऊन सांगायचे, "दोघंबी एकच बोलून राह्यले. आधीच ठरवून आले असन." सुनेनं मोबाइलवर गाडीची वेळ काढून दाखवली तर म्हणायचे, "हे ठीक आहे. पन याले कोनं सांगितलं?" मी तर त्यांच्या खास मर्जीतला. मी आणलेला एकही आंबा त्यांनी दोनदा हुंगल्याशिवाय खाल्ला नाही.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या बायकोनं एक हौस बोलून दाखवली. गोंद्याजवळ, म्हणजे तुमच्या गोंदियाजवळ, एका गावाबाहेर जुन्या देवळांचे अवशेष आहेत. लहानपणी वडिलांनी दोघी बहिणींना तिथं नेलं होतं, आणि गवतात पडलेला एक दगडी हत्ती, सोंड तुटलेला, तिच्या डोळ्यांपुढून कधी गेला नव्हता. तो एकदा बघायचा होता. तिचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते, म्हणून घाई. आता बालाघाटहून गोंद्या म्हणजे गाडीनं तास-सव्वा तास. सकाळी निघा, देवळं बघा, संध्याकाळच्या चहाला घरी या. दुसरं कुणी असतं तर पोहे संपायच्या आत बेत ठरला असता. साडभाऊंनी बशी खाली ठेवली आणि उलटतपासणी सुरू केली.

"देऊळ पडकं आहे म्हनता. मंग उरलेलं कवा पडन?"

"हजार वर्षं उभं आहे ना भाऊजी," माझी बायको म्हणाली.

"म्हनूनच तर. आता त्याची पाळी भरत आली असन."

आक्का, म्हणजे त्यांची बायको, कपाळाला हात लावून हसली. "तुम्ही येऊ नका. आम्ही दोघी जाऊ."

"पाहू," ते म्हणाले. "मी अजून हौ म्हटलं नाई." आणि पुढचे कित्येक आठवडे त्यांनी हो म्हटलं नाही.

त्याच सुमारास एका गुरुवारी मी कुणाला तरी पोचवायला स्टेशनवर गेलो होतो. पाहतो तर साडभाऊ गोंद्याच्या गाडीत चढताहेत, हातात एक गुलाबी प्लास्टिकचं स्टूल. मला पाहताच त्यांनी तोंड फिरवलं. त्यांच्या घरी चौकशी केली तर कळलं, ते पेन्शनच्या कागदासाठी भरवेलीला गेलेत. पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम गेलो. पुन्हा साडभाऊ, पुन्हा स्टूल. तिसऱ्या गुरुवारीही तेच. खरं सांगतो, मला आनंद झाला. जन्मभर त्यांनी मला ठोकून पाहिलं होतं, आता सळई माझ्या हातात आली होती. मी हिशोब मांडला: नवं स्टूल माणूस कुठं नेतो? जिथं संसार मांडायचा असतो तिथं. आणि तीन गुरुवारी तीन स्टुलं, म्हणजे बसणारे निदान तिघं तरी असणार. ते एकच स्टूल जात-येत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. येऊ दिलं नाही म्हणा.

पुढच्या रविवारी साडभाऊ बाहेर गेलेले पाहून मी विषय काढला. "आक्का, साडभाऊचं गोंद्याले कोन आहे हो?"

"काहून?"

"काई नाई. दर गुरुवारी स्टूल घेऊन जाऊन राह्यले, म्हनून इचारलं." आणि मी हसलो. आक्का हसली नाही.

तिनं त्यांना सरळ विचारलं. आणि ते त्यांच्या सवयीप्रमाणे म्हणाले, "अजून पक्कं नाई. पक्कं झालं का सांगतो." एरवी ती यावर हसली असती. त्या दिवशी तिला वेगळाच अर्थ लागला. दोन महिने ती किरनापूरला मुलीकडे जाऊन राहिली. परत आली ती लोकांसाठी. नवऱ्याशी बोलायचं ते सुनेकरवी: "सुनबाई, जेवन वाढलं म्हना." साडभाऊंनी गोंद्याला जाणं सोडलं. देवळांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. माझी बायको वाट पाहत राहिली, मग काठी आली, मग उंबरा ओलांडणं बंद झालं. हत्ती न पाहताच ती गेली.

ती गेल्यावर एका लग्नासाठी मी गोंद्याला गेलो होतो. मधे वेळ होता, म्हणून एकटाच देवळांकडे गेलो. रस्ता संपतो तिथं एक बाई चहा विकते. मी बालाघाटचा म्हटल्यावर ती म्हणाली, "तो वो स्टूलवाले बाबा को जानते होंगे. घुटने पे लकड़ी की पट्टी बाँध के चलते थे. चालीस कदम चलते, स्टूल रखते, बैठते, फिर चलते. मैंने पूछा, बाबा, पाँव को क्या हुआ? बोले, पाँव मेरा नहीं, साली का है."

 माझ्या बायकोच्या गुडघ्यांना तो रस्ता झेपेल का, हे ते पुढं जाऊन ठोकून बघत होते. आवाज टणक आल्याशिवाय माणसांना हाक मारायची नाही, हा त्यांचा नियम होता.

परत येताच मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी खुर्ची ठोकून पुढे केली. "बसा. मजबूत आहे."

"साडभाऊ, मी गोंद्याले गेलतो. देवळाकडे."

"गाडी टायमावर होती?"

"हौ."

"मंग तुमची घडी चुकली असन."

मी म्हटलं, "तेव्हा आक्काले सांगून टाकाचं होतं तुम्ही."

ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "संशय घेनाऱ्याले समजावून काई होत नाई, साडभाऊ. मी जन्मभर कोनाचं आयकलं?"

आक्काच्या मनात ते कुणी घातलं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, ते मला आजही कळलेलं नाही. आक्का आत स्वयंपाकघरात होती. दहा पावलं चालून तिला सांगता आलं असतं. मी चहा पिऊन निघून आलो. असा मी चार वेळा गेलो. पाचव्यांदा गेलो तो त्यांना खांदा द्यायला. आक्का भिंतीला टेकून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर तो जुना प्रश्न तसाच होता.

आक्काला हे आता कुणीतरी वाचून दाखवावं. आणि त्या चार खेपांत मी मनात जुळवून नेलेलं, प्रत्येक वेळी तसंच परत आणलेलं वाक्य एवढंच होतं: साडभाऊ, तुमच्या घरात ते मी बोललो. तुमचं काईच चुकलं नव्हतं. मले माफ करा.